गरम झाले की जाम होणारे ब्रेक: १९९७ च्या झेनच्या कामाच्या नोंदी

१४ जुलै

गाडी मारुती झेन, १९९७, कार्ब्युरेटरची. पुढे डिस्क, मागे ड्रम, पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर. वापर डिचोलीहून चोडणमार्गे रायबंदरच्या फेरीने पणजी, आणि परत. पावसाआधी दुसऱ्या एका गॅरेजात ब्रेकचं मोठं काम झालेलं आहे: मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा) नवा, पुढच्या दोन्ही कॅलिपरना (डिस्कवर पॅड दाबणारे) रबर किट, पॅड नवे, मागे व्हील सिलिंडर आणि लायनर (ड्रमला आतून घासणारे) नवे. जुने राहिले ते रबरी होज, लोखंडी पाइप, डिस्क आणि बूस्टर. काढलेले जुने सुटे भाग मालकाने मागून घेऊन डिकीत ठेवलेत. फार बरं केलं, ते लागणार आहेत.

तक्रारी अशा. पेडल पहिल्या दाबाला बरंच खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. पाच-सहा किलोमीटर चाललं की गाडी जड होते, पुढची चाकं तापतात, वास येतो. अर्धा तास उभी केली की पुन्हा मोकळी. तिसरी तक्रार सहज विचारलं तेव्हा कळली: ब्रेक मारताना गाडी डावीकडे ओढते आणि पाय उचलल्यावर क्षणभर उजवीकडे जाते. हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

रस्त्यावर चाचणी घेतलेली नाही, टोचन करून आणली. जाम झालेला ब्रेक नुसता पॅड खात नाही, कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल तापवतो. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना उकळबिंदू किमान २०५ अंश, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच १४० वर येतो. ऑइल उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला. म्हणजे ‘ब्रेक जास्त लागतो’ ही तक्रार चालवत राहिल्यास घाटात ‘ब्रेकच नाही’ इथे पोचते.

१५ जुलै

पाना न लावता जेवढं कळतं तेवढं आधी.

मास्टरच्या टाकीतल्या ब्रेक ऑइलचा रंग फिकट, पातळी ठीक. झाकणाखालचं रबर फुगलेलं नाही. हे रबर पहिलं बघायचं, कारण किट बसवताना पार्ट पेट्रोल-रॉकेलमध्ये धुतले किंवा बाटलीत चुकून इंजिन ऑइल पडलं, तर सगळ्यात आधी तेच फुगतं. आणि ते फुगलं असेल तर आतले सगळे कप वॉशरही (ऑइल अडवणारी रबरं) गेले असं समजायचं. खात्रीसाठी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन ऑइलचे चार थेंब टाकले. विरघळले, वर तवंग नाही. भेसळ नाही.

बूस्टर: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत मारलं, दाबून धरलं, इंजिन सुरू केलं. पेडल थोडं खाली गेलं. बूस्टर मदत करतोय.

पेडल दाबून अर्धा मिनिट स्थिर धरलं. हळूहळू खाली बसत नाही, म्हणजे मास्टरचे कप आतून सोडत नाहीत. दुसऱ्या दाबाला पेडल वर येतं, पण वर येऊनही पायाखाली लवचिक लागतं. इथे फरक करायचा असतो. पंप केल्यावर वर येऊन दगडासारखं कडक झालं तर बहुधा मागचे लायनर ड्रमपासून लांब आहेत. वर येऊन मऊ राहिलं तर हवा आहे. इथे थोडं हे, थोडं ते.

चाकं काढल्यावर हवेचं कारण लगेच दिसलं. पुढच्या दोन्ही कॅलिपरचे ब्लीडिंग निपल (ऑइलातली हवा काढायच्या तोट्या) खालच्या बाजूला आहेत. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. बोल्ट सरळ बसतात, होजही ताणून पुरतो, त्यामुळे बसवणाऱ्याला शंका येत नाही. पण हवा वर जाते आणि निपल तळाला. अशा कॅलिपरमधून चार बाटल्या ऑइल काढलं तरी वरचा बुडबुडा जागचा हलणार नाही.

१६ जुलै

कॅलिपर अदलाबदल करून बसवले, निपल वर. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बोल्टचे तांब्याचे वॉशर चारही नवे घेतले. जुने एकदा चेपलेले असतात, पुन्हा आवळले की पाझरतात आणि मग बोल्ट जास्त आवळण्याचा मोह होतो.

उजव्या कॅलिपरची खालची स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) हाताने हलेना. पिनेला साधं चाकाचं ग्रीस भरलेलं, त्यानं रबरी बुश फुगलेला. बुश नवा, सिलिकॉन ग्रीस, दोन्ही पिना बोटाने सरकतात. पॅडच्या कानांखालच्या पत्र्याच्या क्लिपा उचलून खालचा गंज कानशीने साफ केला. खाऱ्या हवेत हा गंज फुगून क्लिप वर उचलतो आणि नवा पॅड खाचेत घट्ट बसतो. नवे पॅड घासून बारीक करणारे बरेच पाहिले आहेत. घासायचा गंज असतो, पॅड नव्हे.

डिस्कची जाडी दोन्हीकडे जवळपास सारखी, खोल चर नाहीत. डायल गेजवर डावी ०.०४, उजवी ०.०६ मिमी डगमग. ०.१० पर्यंत चालवून घेतो. डिस्क तशाच.

ब्लीडिंग. मास्टरपासून लांबच्या चाकापासून जवळ: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पारदर्शक नळी, टोक बाटलीतल्या ऑइलात बुडलेलं. पेडलवर एक, निपलवर एक. ‘दाब’ म्हटलं की दाबायचं, ‘धर’ म्हटलं की पाय रोवून ठेवायचा, निपल पाव वळसा सोडून बंद झाल्यावरच ‘सोड’. निपल उघडा असताना पाय उचलला की थ्रेडमधून हवा परत आत. पेडल सावकाश दाबायचं, धडाधड मारलं तर ऑइलचा फेस होतो. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. सगळं जुनं ऑइल निघेपर्यंत अर्धा लिटरच्या थोडं वर लागलं. पुढच्या उजव्याला बराच वेळ बारीक बुडबुडे येत राहिले, कॅलिपरवर लाकडी मुठीने टकटक केल्यावर एक मोठा आला आणि संपलं.

डबा छोटा घ्यायचा आणि उरलेलं ठेवायचं नाही. जुलैतली हवा उघड्या डब्यात पाणी सोडतच असते.

पेडल आता मऊ नाही. पहिल्या दाबाला अजून खोल जातं, ते मागच्या लायनरचं, नंतर बघू.

१८ जुलै

आजचं काम फक्त एवढंच शोधायचं की दाब कुठे अडकतो. पार्ट एकही बदलायचा नाही. जाम होणाऱ्या ब्रेकवर लोक आधी कॅलिपर बदलतात, मग मास्टर, मग बूस्टर. पैसे संपतात तेव्हा दोष आपोआप सापडलेला असतो. त्यापेक्षा एकेक सांधा सैल करत वर जायचं: जिथे सोडल्यावर चाक मोकळं होतं, त्याच्या वर अडथळा. जिथे सोडूनही मोकळं होत नाही, त्याच्या खाली.

गाडी चारही स्टँडवर, इंजिन सुरू, पेडल तीस-चाळीस वेळा जोरात. पुढची दोन्ही चाकं हाताने फिरेनात. मागचीही घासतात, पण कमी.

पहिली पायरी: डाव्या पुढच्या कॅलिपरचा निपल उघडला. पिचकारी उडाली, चाक मोकळं. म्हणजे अडकण यांत्रिक नाही, पॅड किंवा पिना धरून ठेवत नाहीयेत, ऑइलचा दाबच परत जात नाही. निपल उघडूनही चाक जाम राहिलं असतं, तर शोध तिथेच कॅलिपरमध्ये थांबला असता.

दुसरी: पुन्हा पंप करून जाम केलं. मास्टर सिलिंडरला जोडलेल्या पाइपांचे नट अर्धा वळसा सैल केले, खाली चिंध्या. या नटांना साधा पाना लावला तर कडा गोल होतात, नटाला जवळपास सगळीकडून धरणारा फ्लेअर नट पाना हवाच. डावं चाक लगेच मोकळं. उजवं मात्र धरून राहिलं, मिनिटभराने हळूहळू सुटलं. उजव्याचा हा उशीर वेगळा नोंदवला आहे.

तिसरी: नट आवळून पुन्हा जाम केलं. आता पाइपांना हात नाही. मास्टर सिलिंडर बूस्टरला धरणारे दोन नट सैल करून सिलिंडर दोन-तीन मिमी पुढे येऊ दिला. डावं मोकळं, मागची दोन्ही मोकळी, उजवं पुन्हा उशिरा. म्हणजे मास्टर सिलिंडर स्वतः ठीक आहे. कोणीतरी मागून त्याच्या पिस्टनला पूर्ण मागे येऊ देत नाही.

असं का होतं ते लिहून ठेवतो, कारण ‘नवा मास्टरच खराब निघाला’ असं म्हणून तो परत करायला निघणारे असतातच. पेडल सोडलेलं असताना पिस्टन पूर्ण मागे असला की टाकीतून येणारं एक बारीक भोक उघडं राहतं. ब्रेक मारून ऑइल तापलं, फुगलं, की जादा ऑइल त्या भोकातून टाकीत परत जातं. पिस्टन अर्धा-पाऊण मिलिमीटर जरी पुढे अडून राहिला, तरी कपाची कड त्या भोकावर बसते. गार गाडीत फारसं जाणवत नाही. तापलं की ऑइल फुगतं, जायला वाट नाही, पॅड हलकेच लागतात, त्याने आणखी तापतं, आणखी फुगतं. पाच-सहा किलोमीटरनंतर जाम आणि अर्ध्या तासाने मोकळं, हे त्याचंच वेळापत्रक.

डोळ्यांनी पाहण्याची सोपी रीत: टाकीचं झाकण काढून आत बॅटरीचा उजेड टाकायचा आणि दुसऱ्याने पेडल अगदी हलकं दाबायचं. भोक उघडं असेल तर दाबायला सुरुवात होताच पृष्ठभागावर छोटी उसळी दिसते. इथे काहीच नाही. चेहरा लांब ठेवून बघायचं, कधी कधी उसळी डोळ्यापर्यंत येते. रंगावर ऑइल सांडलं तर पुसत बसायचं नाही, लगेच पाणी ओतायचं.

१९ जुलै

पिस्टनला मागून अडवणारे दोनच: पेडल किंवा बूस्टरचा दांडा. आधी पेडल. ब्रेक लाइटचा स्विच पेडलच्या दांडीला टेकून बसतो, तो जास्त आत फिरवला तर पेडलच पूर्ण वर येत नाही. मास्टर बदलताना पेडलच्या बाजूला हात घातला की हा स्विच हलतोच, म्हणून दांडा मोजण्याआधी हा बघायचा. स्विच दोन वळसे मागे घेऊन पेडलला हाताने मोकळी चाल आहे का पाहिलं: बोटाने चार-पाच मिमी हलतं. जाम मात्र तसाच. मग स्विच परत जागेवर, दिवा वेळेवर लागतो-विझतो बघून.

राहिला दांडा. मास्टर काढून व्हर्नियरच्या खोली मोजणाऱ्या टोकाने मोजमाप. बूस्टरच्या सपाट पृष्ठभागापासून दांड्याचं टोक २२.६ मिमी बाहेर. नव्या मास्टरच्या बसणीपासून पिस्टनच्या खळग्याचा तळ २१.९. म्हणजे दोन्ही आवळले की दांडा पिस्टनला कायम ०.७ मिमी आत ढकलून ठेवतो. डिकीतला जुना मास्टर काढून मोजला: २३.० मिमी. त्याच्याबरोबर ०.४ ची फट होती आणि गाडी वर्षानुवर्षं बरोबर चालत होती. नवा मास्टर बाहेरून हुबेहूब, भोकं तीच, पाइपांचे थ्रेड तेच. फक्त खळगा १.१ मिमी उथळ. ओ-रिंग स्वतःच्या खाचेत बसते, म्हणून तिची जाडी हिशोबात धरलेली नाही. मध्ये गॅस्केट असलेल्या गाडीत ती धरावी लागते.

दांड्याच्या टोकाला ॲडजस्ट करायचा स्क्रू आहे. दांडा फिरू न देता स्क्रू आत घेतला, टोक २१.५ वर. फट ०.४. मोजमापावर भरवसा ठेवून तसंच बसवायचं नाही. टोकावर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीची चिमूट लावली, मास्टर बसवून नट पूर्ण आवळले, परत काढून चेपलेल्या मातीची जाडी मोजली. ०.४ च्या जवळपास. फट शून्य ठेवू नये, इंजिन सुरू असताना व्हॅक्यूमने बूस्टरचा पत्रा किंचित आत ओढला जातो आणि तेवढी फट कमी होते. फार मोठीही नको: पेडलचा लीव्हर साधारण चारपट, म्हणजे १ मिमी जादा फट म्हणजे पायाखाली ४ मिमी फुकट चाल.

बसवून मास्टरपासून ब्लीडिंग पुन्हा. टाकीत उसळी आता स्पष्ट दिसते.

२२ जुलै

स्टँडवर पुन्हा पंप. डावं आणि मागची पाय सोडताच मोकळी. उजवं पुढचं तीन-चार सेकंद धरून ठेवतं, मग सुटतं. १८ तारखेचा उशीर तो हाच.

निपल उघडला की लगेच मोकळं. पुन्हा जाम करून होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपला जोडणारा नट सैल केला: ऑइल थेंबभर आलं, चाक तसंच. दाब होजच्या खाली अडकलेला. होज बाहेरून ठीक दिसतो, भेगा नाहीत. पण मधोमध धरणारा पत्र्याचा कंस गंजून पापुद्रे सुटलेत, आणि त्या फुगलेल्या गंजाने होजला कंबरेतून आवळलंय. होज काढून तिथे कापला तर भोक सुई जाईल एवढंच राहिलेलं.

मालकाचं वाक्य इथे बसलं. आवळलेल्या होजमधून दाब जातो उशिरा आणि येतोही उशिरा. ब्रेक मारताना डावं चाक आधी धरतं म्हणून गाडी डावीकडे, पाय उचलल्यावर उजवं धरून राहतं म्हणून उजवीकडे. उजवी पिन अडकलेली होती तीही डावीकडे ओढायला मदत करत असणार, पण सोडल्यावर दिशा बदलणं हे होजचंच लक्षण.

दोन्ही होज बदलले, एकच बदलायचा नसतो. म्हापशाच्या दुकानात जुना नेऊन लांबी आणि दोन्ही टोकांचे थ्रेड जुळवून आणले. कंस गंज खरवडून, प्रायमर मारून पुन्हा लावले. बसवताना होजला पीळ नाही ना, हे त्यावरच्या छापील रेषेवरून बघायचं, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून चाकाला लागत नाही ना तेही.

२४ जुलै

मागचे ड्रम. अपेक्षेप्रमाणे हँडब्रेकची केबल आवळून ठेवलेली. पेडल खोल जातं म्हणून कोणीतरी केबल ताणली. त्याने पेडल तात्पुरतं वर येतं, पण केबलने शू (लायनर लावलेल्या कमानी) आधीच थोडे उघडे धरले की आतला ऑटो-ॲडजस्टर आपले दाते पुढे सरकवतच नाही. लायनर झिजत जातात, फट वाढत जाते.

क्रम उलटा करायचा. केबल पूर्ण सैल. ड्रम काढून आत साचलेली तांबडी माती ओल्या फडक्याने पुसली, हवा मारून उडवायची नाही. ॲडजस्टर हाताने दोन्हीकडे सारखा बाहेर काढला, ड्रम जेमतेम सरकून बसेल इतका. व्हील सिलिंडरचे बूट उचलून पाहिले, कोरडे. ड्रम लावून पेडल जोरात अनेकदा, टकटक थांबेपर्यंत. मग केबल, सहाव्या-सातव्या खटक्याला चाकं धरतील इतकी.

पेडल आता पहिल्याच दाबाला वर.

हँडब्रेक या गाडीत नुसता पार्किंगपुरता नाही. फेरीच्या उतारावर रांगेत उभं राहायचं असतं. पण घरी पावसाळ्यात रात्रभर ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला गंजून चिकटतात. सपाटीवर गिअरमध्ये घालून चाकाला दगड.

२७ जुलै

रस्ता. आधी पॅड-लायनर बसवणं: ५० वरून १५ वर दहाएक वेळा, मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर न थांबता चालवत. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवायचं नाही, तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो.

नंतर साखळी, केरी, चोर्ला घाट वर आणि खाली. उतरताना दुसरा गिअर, ब्रेक मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त. केरीला उतरल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने: पुढचं डावं १३१, उजवं १३६ अंश. चकचकीत डिस्कवर हा थर्मामीटर बराच कमी आकडा दाखवतो, म्हणून दोन्हीकडे डिस्कच्या गंजलेल्या बाहेरच्या कडेवर एकाच ठिकाणी धरून वाचलं. आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक महत्त्वाचा, पाच अंश काहीच नाही. उतारावर गिअर काढून हँडब्रेक सोडताच गाडी आपोआप घरंगळली. ओढणं दोन्ही दिशांनी बंद.

पाऊस जोरात असताना पहिला ब्रेक किंचित उशिरा धरतो. तो ओल्या डिस्कचा, दोष नाही. पाणी साचलेल्या भागातून बाहेर आल्यावर पेडल हलकं दाबून दोन-तीन क्षण चालवलं की पुसलं जातं.

३ ऑगस्ट

मालक आठवडाभर फेरीच्या रस्त्याने वापरून घेऊन आला. टाकीची पातळी होती तिथेच. बूस्टर आणि मास्टरच्या सांध्याखाली बोट फिरवून पाहिलं, कोरडं. होजचे सांधे, तांब्याचे वॉशर कोरडे. पुढची चाकं गरम असतानाही हाताने फिरतात.

एक काम बाकी. मागच्या ॲक्सलवरच्या लोखंडी पाइपला क्लिपेखाली गंजाचे खड्डे आहेत. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो, ओल नाही. चवथीला गाडी हवी आहे म्हणून आज उघडला नाही, चवथ झाली की मास्टरपासून मागेपर्यंतचा तुकडा ४.७५ मिमीच्या नव्या पाइपने, टोकं दोनदा दुमडून (डबल फ्लेअर) बदलायचा. तोवर दर आठवड्याला टाकीची पातळी बघायची, आणि ती रेषेच्या खाली एवढीशी जरी गेली तरी गाडी गॅरेजात.